अलेक्झांडर फ्लेमिंग

तिवसा गावच्या शिवारात कपाशीचा हंगाम सरला, की रानात पऱ्हाटीचे खुंट उरतात. पूर्वी अनवाणी चालणाऱ्याच्या पायात असा एखादा खुंट भरला, म्हणजे जखम चिघळे, पाय सुजे, ताप चढे आणि एवढ्याशा निमित्ताने धडधाकट माणूस दगावे. आपल्या पणजोबांच्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. ज्यांच्या शोधामुळे असे औषध जगाला लाभले, ते अलेक्झांडर फ्लेमिंग हेही एका शेतकऱ्याचेच पुत्र होते.

स्कॉटलंडमधील एका शेतवाडीवर ६ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. पुढे लंडनला येऊन त्यांनी चार वर्षे एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी केली. एका आप्ताच्या वारशाने थोडे द्रव्य हाती येताच ते सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले व तेथेच जंतुशास्त्राच्या संशोधनात रमले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात त्यांनी जे पाहिले, त्याचा त्यांना कधीच विसर पडला नाही. जखमा धुण्याची तीव्र जंतुनाशके खोलवर दडलेल्या जंतूंपर्यंत पोहोचत नसत. उलट शरीराच्या रक्षणासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशींनाच ती मारीत. डोळ्यांदेखत तरणेबांड सैनिक मरत होते. जंतू मरावेत, पण शरीरास इजा होऊ नये, असे काही सृष्टीत असेल काय?

१९२१ साली फ्लेमिंग सर्दीने बेजार होते. आपल्याच नाकातील स्राव त्यांनी जंतूंच्या बशीत घातला, तेव्हा त्याभोवतीचे जंतू विरघळून गेलेले दिसले. मग त्यांनी जंतूंनी गढुळलेल्या पाण्यात अश्रूचा थेंब टाकला; पाहता पाहता ते पाणी निवळले! या जंतुनाशक प्रथिनाला त्यांनी 'लायसोझाइम' हे नाव दिले. लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही ते सापडले. प्रयोगांना अश्रू हवेत, म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळला जाई; प्रयोगशाळेतील सेवकांना तर अश्रूंबद्दल पैसे मिळत. रडण्याचे दाम मिळाल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल! परंतु घातक रोगजंतूंपुढे लायसोझाइम दुबळे ठरले आणि जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९२८ च्या सप्टेंबरात सुट्टीहून परतल्यावर त्यांना एका बशीत बुरशी आढळली व तिच्या भोवतालचे जंतू नष्ट झालेले दिसले. हेच पेनिसिलिन. ते शुद्ध करणे मात्र त्यांना साधले नाही. ते कार्य पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी व चेन यांनी तडीस नेले. १९४५ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या सोहळ्यातील व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक कल्पित कथा सांगितली. घसा दुखणारा एक मनुष्य पेनिसिलिन आणतो, पण पुरेसे घेत नाही. त्याचे जंतू मरत नाहीत. उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला जडतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन निष्फळ ठरते आणि ती मरण पावते. या मृत्यूचा दोष फ्लेमिंग यांनी पतीच्याच माथी ठेवला. विजयाच्या दिवशी एवढे कटू सत्य सांगण्यास मोठे धैर्य लागते!

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग निवर्तले. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळील पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. आणि ती कल्पित कथा? ती खरी ठरली. आज अनेक रोगजंतू कित्येक औषधांना जुमानत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा सजीवांच्या अंगच्या शस्त्रांकडे वळले आहेत. १९८७ साली बेडकाच्या कातडीत 'पेप्टाइड' जातीची, म्हणजे प्रथिनांहून लहान अशी जंतुनाशक द्रव्ये सापडली. ती जंतूच्या आवरणाला छिद्रे पाडतात. मात्र शरीरात शिरल्यावर अशी द्रव्ये लवकर मोडून जातात. ती अधिक काळ टिकावीत कशी, याचा शोध अद्याप चालू आहे.