आल्फ्रेड बिने: बुद्धीची चाचणी बनवली, पण तिला मोजपट्टी मानलं नाही

बारामती-इंदापूरकडचं एखादं मूल शाळेत फारच मागे पडू लागलं, की मानसशास्त्रज्ञाकडे त्याची बुद्धिमत्ता चाचणी होऊ शकते. भारतात वापरली जाणारी अशीच एक जुनी चाचणी म्हणजे ‘बिने-कामत’. यातले बिने म्हणजे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने.

त्यांचा जन्म 1857 मध्ये नीस शहरात झाला. कायद्याची पदवी घेऊनही ते मानसशास्त्राकडे वळले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात असताना लोहचुंबकामुळे संमोहित रुग्णाच्या भावना पालटतात, असा दावा त्यांनी केला. पण बेल्जियमच्या देलबफ यांनी तपासलं, तेव्हा तो परिणाम चुंबकाचा नव्हे, प्रयोग करणाऱ्याच्या सूचनेचा निघाला. बिने यांना दावा सोडावा लागला. पुढे डोक्याच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते, हा त्या काळचा समजही त्यांनी तपासून पाहिला आणि तो मार्गही सोडला.

1904 मध्ये फ्रेंच सरकारने शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी समिती नेमली. त्यातून 1905 मध्ये बिने आणि थिओडोर सिमोन यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या 30 चाचण्या तयार केल्या. 1908 मध्ये त्या वयानुसार लावल्या.

पण हा क्रम आहे, मोजमाप नाही, असं बिने यांचं म्हणणं होतं. प्रार्थनेच्या रांगेत मुलं उंचीप्रमाणे उभी केली, तर कोण उंच ते कळतं. किती इंचांनी उंच ते कळत नाही. तसंच हे. शिवाय सरावाने बुद्धी वाढू शकते, असंही ते मानत. त्यासाठी त्यांनी मुलांसाठी व्यायामही सुचवले.

1911 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. अमेरिकेत टर्मन यांनी 1916 मध्ये त्याला 100 ने गुणून ‘आयक्यू’ रूढ केला. या हिशेबात चार वर्षांचं मूल दोन वर्षं मागे असेल तर आयक्यू 50 येतो. बारा वर्षांचं मूल तेवढंच मागे असेल तर 83. प्रत्येक वर्षाची पायरी सारखीच उंच आहे, हे इथे गृहीत धरलं जातं. आजचे संख्याशास्त्रज्ञ अशी गृहीतकं आधी आकडेवारीवर पडताळून पाहतात.

डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांचं पुस्तक 1940 मध्ये आलं. त्यामुळे मुलाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारता आले. मात्र अहवालातला आकडा हाती आल्यावर बिने यांचा मूळ हेतू विसरता कामा नये: मुलावर शिक्का मारायचा नाही, त्याला कुठे मदत हवी ते शोधायचं.