काचेवरचे तारे निवडणारी विल्यमिना

२०२१ सालची दिव्यांची अवस मला चांगली आठवते. समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडली होती आणि बाहेर आमच्या रत्नागिरीचा पाऊस नुसता कोसळत होता. त्याच रात्री, ८ ऑगस्टला, भुजंगधारी तारकासमूहातला एक मंद तारा एकाएकी शेकडो पटींनी उजळला. ढगांमुळे आम्हाला काही तो दिसला नाही. पण पुढे त्याच्याविषयी वाचताना एक बाई भेटली आणि मनात घर करून बसली.

विल्यमिना फ्लेमिंग. जन्म १८५७ चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. चौदाव्या वर्षापासून ती शाळेत शिकवायची. लग्न झालं, १८७८ मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत बोस्टनला आली आणि दिवस गेलेले असताना नवरा सोडून गेला. परका मुलुख, करणार काय? हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी ती मोलकरीण म्हणून राहिली. तिची हुशारी ओळखून त्यांनी तिला वेधशाळेतलं काम दिलं. बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि १८८१ पासून वेधशाळेत कायमची रुजू झाली.

तिथे काचांवर आकाशाचे फोटो घेत. प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशाचा एक बारीक पट्टा उमटे. आपण तांदूळ निवडतो ना, तशी ती भिंग घेऊन ते पट्टे निवडत बसे. दहा हजारांवर ताऱ्यांची तिने केलेली वर्गवारी १८९० मध्ये छापली गेली. ३१० रूपविकारी तारे आणि १० नवतारे तिने शोधले. भुजंगधारीतल्या त्या ताऱ्याचा १८९८ चा स्फोटही अशाच जुन्या काचांवर तिच्या नजरेने टिपला. १९०५ मध्ये तो जाहीर केला मात्र पिकरिंग यांनी.

मैत्रिणींनो, १९०० मध्ये तिला वर्षाला १५०० डॉलर मिळत, पुरुष सहायकांना २५००. तिने विचारलं, तर बाईच्या मानाने हा पगार उत्तमच, असं तिला सांगण्यात आलं. घर आणि मुलाचं शिक्षण तिच्या एकटीवर होतं. ही सल तिने रोजनिशीत लिहून ठेवली. काम सोडलं नाही. १९११ मध्ये न्यूमोनियाने ती गेली, अवघ्या चौपन्नाव्या वर्षी.

तिच्या त्या ताऱ्याची गंमत ऐका. ती जोडी आहे. छोटा श्वेत बटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू ओढून घेतो. थर साचत, तापत जातो आणि काही वर्षांनी स्फोट होतो. उडालेलं कवच भोवतालच्या वायूवर आदळतं. त्या धडकेच्या लाटेत प्रोटॉन इकडून तिकडे टोलवले जातात, दर फेरीला त्यांचा वेग वाढतो आणि शेवटी त्यातून गॅमा किरण निघतात. २०२१ मध्ये नामिबिया आणि कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणींनी ते टिपले. नवताऱ्याकडून इतके ऊर्जावान किरण प्रथमच मिळाले. त्याआधी, २००६ च्या स्फोटात, आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीने त्याच्या रेडिओ लहरी पकडल्या होत्या.

आता दिव्यांच्या अवसेला समई घासताना मला विल्यमिनाबाई आठवतात. त्यांच्या नावाची एक वात मी जास्तीची लावते.