चिंतामणराव देशमुख

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेज कुणी पाहिले नाही. पण जागतिक बँकेचे नाव सर्वांना ठाऊक. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर भागातील कितीतरी गावे तिच्या कर्जातून पुन्हा उभी राहिली. ही बँक जिथे ठरली, त्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ४४ राष्ट्रांच्या प्रतिनिधींत महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव (१८९६–१९८२) होते. आय.सी.एस.ला पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. म्हणजे चाकरी इंग्रज राजवटीचीच! तरीही मागासलेल्या देशांच्या विकासाचा विचार झालाच पाहिजे, असा आग्रह भारतीय शिष्टमंडळाने तिथे धरला. पुढे मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मला मात्र परिषदेतला आग्रहच मोठा वाटतो. तेव्हा पाठीशी स्वतःचे सरकारही नव्हते.