सर फिरोजशहा मेहता आणि मुंबईची नगरसभा

इतिहासाच्या अभ्यासात सर फिरोजशहा मेहता आपल्याला भेटतात ते बहुधा सुरतेच्या काँग्रेसच्या प्रकरणात. 1907 साली मवाळ आणि जहाल यांची फारकत झाली तेव्हा ते मवाळांचे बलाढ्य पुढारी होते, आणि टिळकांना मानणाऱ्या महाराष्ट्राने त्याबद्दल त्यांना फारशी क्षमा केलेली नाही. परंतु ज्या कामात त्यांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे घातली ते मुंबई शहराच्या नगरसभेचे काम होते. गटारे, पाणी, बाजार, रस्त्यांवरचे दिवे आणि या सर्वांसाठी लागणारा पैसा कोणी मंजूर करायचा, कोणी खर्चायचा आणि हिशेब कोणी मागायचा, हा तो रूक्ष वाटणारा विषय.

फिरोजशहांचा जन्म मुंबईतच, 4 ऑगस्ट 1845 रोजी, एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते विलायतेस गेले आणि 1868 साली बॅरिस्टर होऊन परतले. विलायतेत दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला, हा त्या मुक्कामातला मोठा लाभ.

ते परतले तेव्हा मुंबईचा कारभार 1865 च्या कायद्याप्रमाणे चालत असे. नावाला सत्ता होती सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींची. प्रत्यक्षात सर्व सूत्रे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती. हा गृहस्थ मोठा धडाडीचा. शहराची स्वच्छता त्याने मनावर घेतली, रस्ते केले, आज महात्मा फुले यांचे नाव असलेला मोठा बाजार उभारला. मात्र पैसा किती आहे हे पाहून खर्च करणे त्याच्या स्वभावात नव्हते. अंदाजपत्रक एक आणि खर्च दुसराच, असे होता होता तिजोरी रिकामी झाली. 1871 साली करदाते खवळले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकांचे जुने कैवारी या चळवळीत होते. कमिशनराची सत्ता काढून घ्या आणि कारभार एका समितीच्या हाती द्या, अशी मागणी जोराने पुढे आली.

मागणी लोकांची होती आणि राग रास्त होता. अशा वेळी सव्वीस वर्षांच्या तरुण बॅरिस्टराने काय करावे? लोकांच्या सुरात सूर मिसळला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. फिरोजशहांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा होता. रोजचा कारभार दहा-बारा जणांच्या समितीकडे दिला तर काम मंदावेल आणि चूक झाली की ती कोणाची हेच सापडणार नाही. अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाकडे असावी. दोष कमिशनर एकटा आहे यात नाही. त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली नाही, यात आहे. म्हणून करदात्यांना मताचा अधिकार द्या, त्यांच्या प्रतिनिधींच्या हाती पैशाच्या नाड्या द्या आणि मग कमिशनराला काम करू द्या. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. सभेत हुर्यो झाली. क्रॉफर्डचा वकील म्हणून लोकांनी त्यांच्याकडे पाहिले.

पुढल्याच वर्षी नवा कायदा झाला तो बराचसा याच धर्तीवर. 1872 च्या या कायद्याने 64 सभासदांची नगरसभा स्थापन झाली. त्यांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिसांनी आणि 16 सरकारने नेमायचे. हिशेबावर आणि खर्चावर नजर ठेवण्यासाठी बारा जणांची एक छोटी समिती, टाउन कौन्सिल, ठेवण्यात आली. कमिशनर राहिला, पण आता त्याला पैशासाठी सभेपुढे यावे लागे. या सभेत फिरोजशहा प्रारंभीच्या काळातच गेले आणि मरेपर्यंत राहिले. 1884 आणि 1885 अशी लागोपाठ दोन वर्षे ते अध्यक्ष होते. 1905 साली पुन्हा झाले. बोरीबंदरासमोरच्या महापालिकेच्या इमारतीची कोनशिला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली ती त्यांच्या पहिल्या अध्यक्षपदाच्या काळात, डिसेंबर 1884 मध्ये.

त्यांची खरी कसोटी पुढेच होती. नवा म्युनिसिपल कायदा करण्याचे सरकारने मनावर घेतले आणि विधेयकाचा पहिला मसुदा असा आला की नगरसभेचे वजनच उतरावे. फिरोजशहा तेव्हा मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगही. दोघांनी कलमागून कलम लढवले. अखेर 1888 चा जो कायदा झाला त्यात शहराचा कारभार नगरसभेकडे आहे हे तत्त्व स्पष्ट लिहिले गेले. सभासद 72 झाले, त्यांत 36 वॉर्डांतून निवडलेले. टाउन कौन्सिलाची जागा स्थायी समितीने घेतली. बारा जणांच्या या समितीत आठ नगरसभेचे आणि चार सरकारचे. कमिशनराने खर्चाचा अंदाज करायचा, स्थायी समितीने तो तपासून अंदाजपत्रक बनवायचे आणि नगरसभेने त्यावर चर्चा करून मंजुरी द्यायची; मोठे कंत्राटही समितीच्या संमतीवाचून द्यायचे नाही. कमिशनराची नेमणूक सरकारची, पण ठराविक मोठ्या बहुमताने सभा त्याला परत पाठवू शके. (योगायोग असा की ज्या क्रॉफर्डवरून हा वाद पेटला, तो याच 1888 साली लाचेच्या आरोपांवरून चौकशी मंडळापुढे उभा होता.)

कायद्याने अधिकार दिला तरी तो वापरणारा माणूस लागतो. फिरोजशहा सभेला येत ते कागद वाचून. आकडे त्यांना पाठ असत, कायद्याची कलमे तर त्यांनीच घडवलेली. शहराच्या पोलिसांचा खर्च नगरसभेच्या माथी मारला होता आणि पोलिसांवर हुकूम मात्र सरकारचा. हे त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरले. 1907 साली तोड निघाली. पोलिसखर्च सरकारने घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार नगरसभेने उचलला. शहरातील शाळा नगरसभेच्या झाल्या त्या अशा देवाणघेवाणीतून.

सरकारनेही त्यांना वळसा घालण्याच्या वाटा शोधल्या. प्लेगच्या साथीनंतर 1898 साली दाट वस्त्या पाडून नवे रस्ते व घरे बांधण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या चौदा विश्वस्तांत नगरसभेने निवडलेले अवघे चार. फिरोजशहांनी यावर टीका केली, ट्रस्ट मात्र चालू राहिला. तो महापालिकेत विलीन झाला 1933 साली.

1907 सालीच त्यांना पाडण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न झाला. काही बडे युरोपीय अधिकारी आणि एका इंग्रजी दैनिकाचे संपादक यांनी एक गट बांधला. 'कॉकस' या नावाने तो गाजला. जस्टिसांच्या सोळा जागांची निवडणूक होती आणि फिरोजशहांचा क्रमांक लागला सतरावा! शहरात खळबळ उडाली. पुढे निवडून आलेल्या सोळांपैकी एकाची जागा रिकामी झाली आणि ते पुन्हा सभागृहात येऊन बसले.

त्या गटाची एक तक्रार मात्र अगदीच खोटी म्हणता येणार नाही. सभा फिरोजशहांच्या मुठीत गेली होती. त्यांचा होकार मिळाला की ठराव पास, नकार आला की बारगळला, असे पुष्कळदा होई. मुंबईचा मुकुटहीन राजा ही पदवी लोकांनी कौतुकाने दिली. पण लोकनियुक्त सभेत राजा असावा का, हा प्रश्न राहतोच. शिवाय मत होते ते फक्त ठराविक कर भरणाऱ्यांना आणि मोजक्या प्रतिष्ठितांना. गिरणगावातल्या चाळींत दाटीवाटीने राहणारा कामगार या व्यवस्थेत कुठेच नव्हता. प्रौढ मतदानाने महापालिकेची निवडणूक झाली ती 1948 साली.

5 नोव्हेंबर 1915 रोजी फिरोजशहा वारले. 1888 चा कायदा अनेक दुरुस्त्या पचवून अजून लागू आहे. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. राज्य सरकारने आयुक्तांनाच प्रशासक नेमले. 2023, 2024 आणि 2025 ची अंदाजपत्रके सादर झाली ती त्यांच्याचपुढे, आणि स्थायी समितीची मंजुरीही त्यांनीच द्यायची होती.