चढणीचे गुरुजी : पॉल द व्हिवी



मागच्या वर्षीच्या सायकल सहलीतील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. गावाबाहेरच्या टेकडीची चढण लागली. सातवीतील एका मुलाने गिअर हलका केला आणि तो सावकाश, पण न उतरता वर पोहोचला. वरच्या वर्गातील काही मुले जड गिअरवरच उभी राहून पैडल मारत होती. त्यांतली बरीचशी अर्ध्या वाटेवर उतरून सायकल ढकलू लागली. तरीही वर आल्यावर थट्टा झाली ती त्या लहान मुलाचीच. हलक्या गिअरवर तर कोणीही चढेल, त्यात मोठेपणा कसला, असा त्या थट्टेचा सूर होता. आम्ही तेथेच उभे होतो. आम्ही त्या मुलांना काही बोललो नाही, उलट थोडे हसलोच.

हीच थट्टा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका मोठ्या माणसाच्या वाट्याला आली होती, हे पुढे वाचनात आले. त्यांचे नाव पॉल द व्हिवी. सायकलस्वारांचे जग त्यांना व्हेलोसियो या टोपणनावाने ओळखते. त्यांची ओळख आपल्या मुलांना करून द्यावी, म्हणून हा लेख.

पॉल द व्हिवी यांचा जन्म १८५३ साली दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. शिक्षण जुन्या पद्धतीचे, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचे झाले. त्या ग्रंथांची गोडी त्यांना जन्मभर राहिली. शिक्षणानंतर ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि तरुण वयातच स्वतःचा धंदा करू लागले. सेंट एतिएन ही त्यांची कर्मभूमी. हे कोळशाच्या खाणींचे, बंदुकांच्या आणि रिबिनींच्या कारखान्यांचे डोंगराळ भागातील शहर. धंदा ठीक चालला होता, घरसंसार होता. असेच सारे आयुष्य गेले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते.

सन १८८१ च्या सुमारास त्यांनी सायकल घेतली. त्या काळची सायकल म्हणजे पुढचे चाक जवळजवळ माणसाच्या खांद्याइतके उंच आणि मागचे अगदी लहान. पैडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. तोल गेला तर स्वार डोक्यावर पडायचा. अशा सायकलीचे त्यांना वेड लागले. पुढे इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल आली, तेव्हा हे वाहन सामान्य माणसाचे होणार हे त्यांनी ओळखले. १८८७ साली त्यांनी रेशमाचा व्यापार सोडला, सेंट एतिएनमध्ये सायकलचे दुकान काढले आणि त्याच वर्षी सायकलविषयी एक मासिकही सुरू केले. 'ल सिक्लिस्त' या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. चाळिशीकडे झुकलेल्या गृहस्थाने चालता धंदा सोडून असे काही करणे, हे तेव्हाही लोकांना वेडेपणाचेच वाटले असणार.

सेंट एतिएनमधून दक्षिणेकडे जाणारा रस्ता ११६१ मीटर उंचीच्या एका खिंडीतून जातो. कोल द ला रेप्युब्लिक हे तिचे नाव. ही चढण व्हिवी यांची प्रयोगशाळा झाली. असे सांगतात की १८८९ साली ते या खिंडीत घाम गाळत चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक पाइप ओढत आरामात त्यांना मागे टाकून गेला. व्हिवी यांना ते लागले. मात्र ते रागावून बसले नाहीत. त्यांनी विचार केला. आपण दाते बदलून सपाटीवर वेगवान होईल अशी सायकल केली, तर याच चढणीवर ती चालवता येणार नाही. चढणीसाठी हलकी केली, तर सपाटीवर पाय भराभर फिरतील आणि अंतर कापले जाणार नाही. तेव्हा एकाच सायकलीत दोन्ही सोयी हव्यात.

मुलांनो, येथे थोडे गणित करू या. पैडलजवळच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चक्राला ११ दाते असतील, तर पैडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे ४ फेरे. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर सायकल ८.४ मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचे चक्र असेल, तर चाकाचे २ च फेरे होतात आणि सायकल ४.२ मीटर जाते. अंतर निम्मे झाले, म्हणून पैडलवर लागणारा जोरही निम्मा झाला. टेकडी मात्र तेवढीच राहिली. वर चढण्याचे एकूण काम गिअरमुळे कमी होत नाही, ते लहान लहान घासांत वाटले जाते. म्हणजे हलक्या गिअरवर चढणारा मुलगा कामचुकार नसतो.

व्हिवी यांनी आपल्या सायकलीला पुढे दोन चक्रे बसवली. गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरून चेन हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर घ्यायची. गैरसोय होती, पण चढण सुसह्य झाली. त्यानंतरची सारी वर्षे ते निरनिराळ्या युक्त्या रस्त्यावर पारखत राहिले आणि जे आढळले ते मासिकात छापत राहिले. उतरावे न लागता चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला फ्रेंच भाषेत देरायर म्हणतात. गाडी रुळावरून घसरवणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्याकडे त्यालाच डिरेलर म्हणतात. तो एका माणसाने एका दिवसात शोधला असे नाही. सेंट एतिएनमधील आणि बाहेरील अनेक कारागिरांचे हात त्याला लागले. परंतु गिअरची गरज काय, हे लोकांना पटवून देण्याचे काम व्हिवी यांच्याइतके क्वचितच कोणी केले असेल.

पटवणे सोपे नव्हते. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतात सायकलींची एक परीक्षा ठेवली. तीत मार्थ एस नावाची तरुणी गिअरच्या सायकलवरून पाय जमिनीला न टेकवता घाट चढून गेली. भल्याभल्यांना सायकल ढकलावी लागे असे ते घाट होते. बघ्यांनी तिचे कौतुक केले. परंतु क्रीडापत्रकार आंरी देग्रांझ यांचे मत बदलले नाही. गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, याच देग्रांझ यांनी टूर द फ्रान्स ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. योगायोग असा की त्या पहिल्या शर्यतीतील पहिली मोठी चढण म्हणजे व्हिवी यांचीच कोल द ला रेप्युब्लिक! शर्यतीत डिरेलरला पुढे कित्येक वर्षे मज्जाव राहिला. स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चक्रे लावत, घाटाच्या पायथ्याशी उतरत, चाक काढून उलटे बसवत आणि मग वर चढत.

व्हिवी भांडत बसले नाहीत. ते स्वतः सायकल चालवत राहिले आणि लिहीत राहिले. ते शाकाहारी होते, एस्परांतो या जागतिक भाषेचे पुरस्कर्ते होते आणि वयाच्या उत्तरार्धातही रात्रंदिवस लांबच्या सफरी करत. सायकलस्वारांसाठी त्यांनी सात नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा घ्यावा आणि थकून झोप उडेल इतके कधी चालवू नये, असे साधे व्यवहारी नियम ते आहेत. शेवटचा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्याला दाखवण्यासाठी, नुसत्या अहंकारापोटी सायकल चालवू नये, असा तो आहे. खिंडीत एकदा स्वतःचा अभिमान दुखावला गेलेल्या माणसाने हा नियम लिहिला, हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा जमला. १९२२ पासून त्यांच्या सन्मानार्थ त्याच खिंडीत सायकलस्वारांचा मेळावा भरू लागला. १९३० साली सेंट एतिएनच्या रस्त्यावर ट्रामच्या धक्क्याने त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांची सायकल त्यांच्याबरोबर होती. त्यानंतर सात वर्षांनी, १९३७ मध्ये, टूर द फ्रान्सने डिरेलरला परवानगी दिली. त्या वर्षी रॉजे लापेबी डिरेलर लावलेल्या सायकलीवर विजयी झाले. व्हिवी यांना हे पाहायला मिळाले नाही. पुढे १९६४ साली जपानच्या सनटूर कंपनीने आजच्या डिरेलरसारखी तिरपी रचना आणली. १९८४ मध्ये शिमानोने एका खटक्याला एक गिअर अशी सोय केली. आपल्या मुलांच्या सायकलींवर दिसते ते याच परंपरेतील आहे.

हे यंत्र घरी नीट लावता येते, हेही पालकांना सांगावेसे वाटते. चेन घसरली, खडखडली की आपण सायकल वापरणेच सोडतो किंवा मूल एकाच गिअरवर रेटत राहते. सायकल उलटी करावी किंवा मागचे चाक उचलून धरावे. आधी डिरेलर ज्या लोखंडी कानावर टांगलेला असतो तो वाकलेला नाही ना, हे मागून पाहावे. तो वाकला असेल, तर कोणताही स्क्रू फिरवून उपयोग नाही. मग चेन सर्वांत लहान चक्रावर आणून केबल सैल करावी. डिरेलरवर दोन लहान स्क्रू असतात. एच अक्षराचा स्क्रू फिरवून वरची लहान पुली लहान चक्राच्या बरोबर खाली आणावी. केबल ताणून घट्ट करावी. एल अक्षराच्या स्क्रूने तीच पुली सर्वांत मोठ्या चक्राखाली थांबेल असे करावे, नाहीतर चेन स्पोकमध्ये जाऊन चाक अडकेल. हे काम मोठ्यांनी स्वतः तपासावे. शेवटी केबलच्या टोकाची नळीसारखी चकती राहते. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुर करत असेल, तर चकती पाव फेरा बाहेर सोडावी. लहानावर उतरत नसेल, तर पाव फेरा आत घ्यावी. एका वेळी पाव फेराच, आणि प्रत्येक वेळी पैडल हाताने फिरवून पाहावे. फिरत्या चेनजवळ मात्र बोटे नेऊ नयेत.

हे करताना एक गोष्ट लक्षात येते. एकाच कंपनीच्या दोन सायकली असल्या, तरी स्क्रू दोघींचे वेगवेगळ्या जागी थांबतात. मुलांचेही तसेच आहे. कोणाला गणिताची चढण सोपी जाते, कोणाला भाषेची. हलका गिअर घेऊन, जास्त वेळ घेऊन, शिक्षकाला दोनदा विचारून जे मूल वर पोहोचते त्याला आपण शाळेत आणि घरीही नकळत कमी लेखतो. त्या दिवशी टेकडीवर आम्ही तेच केले. त्या मुलाला आम्ही बोलावून तसे सांगितले आहे, आणि आता येथे सर्वांसमोरही सांगत आहोत.

यंदाच्या सायकल सहलीत पहिला कोण आला याची नोंद होणार नाही. जे न उतरता वर पोहोचतील, त्या सर्वांची नावे फलकावर लागतील, गिअर कोणताही असो. सहलीच्या आधीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल स्टँडजवळ गिअर लावण्याचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. पालकांनी मुलांबरोबर अवश्य यावे. येताना स्क्रू ड्रायव्हर आणि एक जुने फडके घेऊन यावे.