कावसजी नायगमवाला : पुण्याच्या वेधशाळेतून ताऱ्यांचा प्रकाश तपासणारे खगोलशास्त्रज्ञ

भारतातील अगदी आरंभीच्या खगोलभौतिकी वेधशाळांपैकी एक वेधशाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात कार्यरत होती. आज तिचे नाव फारसे कोणाच्या स्मरणात नाही. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा या नावाने ओळखली जाणारी ही संस्था एका व्यक्तीच्या चिकाटीतून उभी राहिली आणि त्याच व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर बंद पडली. ती व्यक्ती म्हणजे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८७८ साली त्यांनी एम.ए. ही पदवी संपादन केली आणि कुलपतींचे सुवर्णपदक पटकावले. १८८२ पासून ते त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन करू लागले.

पाच हजार रुपयांची देणगी

त्या काळी खगोलशास्त्र एका नव्या वळणावर उभे होते. ग्रहताऱ्यांची स्थाने आणि गती मोजणे हे वेधशाळांचे परंपरागत काम होते. वर्णपटदर्शक या उपकरणामुळे ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण करून तो कोणत्या द्रव्याचा बनला आहे, हे सांगणे शक्य होऊ लागले. या नव्या शाखेचा अभ्यास भारतात व्हावा, अशी नायगमवाला यांची तळमळ होती. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम त्यात घातली.

१८८४ साली नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथे सूर्याच्या वर्णपटाचे ख्यातनाम अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. वर्णपटाच्या अभ्यासालाच वाहिलेली वेधशाळा उभारावी, हा विचार तेथे पक्का झाला. पुढे नायगमवाला यांची नेमणूक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पूर्वसंस्थेत झाली आणि १८८८ साली तेथेच वेधशाळा सिद्ध झाली. डब्लिनच्या ग्रब या प्रख्यात कारखान्याची परावर्ती दुर्बीण हे तिचे प्रमुख साधन होते. तिच्या आरशाचा व्यास वीस इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर होता. पुढील अनेक दशके भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निष्कर्ष

वेधशाळेच्या पहिल्याच महत्त्वाच्या कामात नायगमवाला यांची कसोटी लागली. आकाशातील काही तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. विल्यम हगिन्स यांनी ती १८६४ साली प्रथम पाहिली होती. ती कोणत्या द्रव्यामुळे उमटते, यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला होता. तेजोमेघ हे उल्कापाषाणांचे थवे असून ही रेषा तापलेल्या मॅग्नेशियममुळे उमटते, असे लॉकियर यांचे प्रतिपादन होते. हगिन्स यांना ते मान्य नव्हते.

वादाचा निकाल एका बारीक तपशिलावर अवलंबून होता. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमपासून मिळणारी खूण ही एकेरी रेषा नसून एका कडेला ठळक आणि दुसऱ्या बाजूस क्रमाने फिकट होत जाणारा पट्टा असतो. लॉकियर यांचे म्हणणे खरे असेल, तर तेजोमेघातील रेषाही एका बाजूला पसरट दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाकडे दुर्बीण वळवून त्या रेषेचे पुनःपुन्हा निरीक्षण केले. त्यांना ती दोन्ही बाजूंनी रेखीव आणि सुस्पष्ट दिसली. १८९१ साली त्यांनी आपला निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

हा निष्कर्ष लॉकियर यांच्या सिद्धांताच्या विरोधात जाणारा होता. लॉकियर हे नेचर या विज्ञान साप्ताहिकाचे संस्थापक संपादक होते आणि विज्ञानजगतात त्यांच्या शब्दाला वजन होते. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेचा विचार आकाराला आला, त्यांच्याच मताशी विसंगत असे निरीक्षण नायगमवाला यांनी जसेच्या तसे जगापुढे मांडले. वसाहतीतील एका तरुण प्राध्यापकासाठी ही गोष्ट सोपी नव्हती. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी केलेल्या अचूक मोजमापांनीही मॅग्नेशियमचा पक्ष अमान्य ठरविला. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ साली दाखवून दिले. तेजोमेघ आणि दूरच्या दीर्घिका यांच्या अभ्यासात आजही ही रेषा अत्यंत उपयुक्त मानली जाते.

जेऊरचे खग्रास ग्रहण

२२ जानेवारी १८९८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. मुंबई इलाखा त्या वेळी प्लेगच्या साथीने हवालदिल झाला होता. तरीही कोकणातील विजयदुर्गापासून गंगेकाठच्या बक्सरपर्यंत ग्रहणाच्या पट्ट्यात देशोदेशीच्या पथकांनी तळ ठोकले. लॉकियर विजयदुर्गला आले होते. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे ठिकाण निवडले. लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांचे पथकही तेथेच होते.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकणार होती. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाताच त्याच्या कडेचे वर्णावरण काही क्षण चमकते आणि त्याच्या वर्णपटात असंख्य तेजस्वी रेषा उजळतात. ही संधी हुकली, तर पुढील ग्रहणापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. नायगमवाला यांनी या अल्प वेळात वर्णावरणाच्या वर्णपटाची आणि प्रभाकिरीटाची छायाचित्रे टिपली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली वेधशाळेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला.

वेधशाळेचा अस्त

वेधशाळेत नायगमवाला यांचे काम पुढे चालवील असा वारसदार मात्र तयार झाला नाही. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. तिची उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकॅनॉल येथील सौर वेधशाळेकडे रवाना झाली. त्यांत वीस इंची दुर्बीणही होती. भावनगर दुर्बीण या नावाने ती पुढे ओळखली गेली. १९३८ साली नायगमवाला यांचे निधन झाले.

त्यांच्या वेधशाळेच्या स्थापनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, पुण्यातच आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, अर्थात आयुका, ही संस्था स्थापन झाली. २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात झेपावलेल्या आदित्य-एल१ या यानावरील सूट ही दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने तयार झाली आहे. अतिनील किरणांत सूर्याच्या प्रतिमा टिपणाऱ्या या दुर्बिणीच्या अभ्यासविषयांत वर्णावरणाचाही समावेश आहे. जेऊरच्या माळावर ज्या वर्णावरणाच्या दर्शनासाठी नायगमवाला यांच्या हाती अवघे काही क्षण होते, त्याचे निरीक्षण ही दुर्बीण ग्रहणाची वाट न पाहता करू शकते.