सणांची ऋतूंशी गाठ : ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

पाडव्याची गुढी, भाद्रपदातील गणेशोत्सव, कोजागिरीचे दूध आणि संक्रांतीचे हळदीकुंकू या चार खांबांवर आपल्या मंडळाचा मांडव पन्नास वर्षे उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने मराठी कुटुंबे भिलाईस आली, तेव्हा गावाकडची शेते नि नद्या त्यांना बरोबर आणता आल्या नाहीत. सण मात्र आणता आले. येथे आल्यावर त्यांना असे आढळले की, या भूमीचेही सण आहेत आणि ते आपल्या सणांचे सख्खे भाऊ आहेत. आपण ज्या अमावास्येला दिव्यांची अवस म्हणतो, त्याच दिवशी छत्तीसगढी शेतकरी नांगर, कुदळ धुऊन त्यांची पूजा करतो, मुले गेडीवर चढून चिखलातून चालतात, आणि त्या सणाला हरेली म्हणतात. आपला महिना आषाढ, त्यांचा सावन. परंतु चंद्र एक आणि पाऊसही एकच. पोळा तर दोघांचाही एकाच दिवशी. पौषी पौर्णिमेला धान घरात आल्यावर 'छेरछेरा' मागत मुले दारोदार फिरतात, त्यामागील आनंद संक्रांतीच्या वाणाहून फारसा निराळा नाही. सणांचे मूळ ऋतूत आहे, हे पुस्तकातून शिकण्याची गरज भिलाईकरास नाही.

परंतु सण खरोखरच आपापल्या ऋतूत राहतात काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी शाळामास्तराने तो विचारला, त्याचे उत्तर शोधण्यात आपले उणेपुरे आयुष्य वेचले, आणि लोकांना न आवडणारे उत्तर सापडले तरी ते निर्भयपणे मांडले. ते शाळामास्तर म्हणजे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथाचे कर्ते कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांच्या चरित्राचे अल्पसे स्मरण करणे हा या लेखाचा हेतू आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण ज्या गावी गेले, तेच हे मुरूड. कर्वे दीक्षितांहून पाच वर्षांनी लहान. नारळी-पोफळीच्या बागांत वसलेल्या या लहानशा गावाने एका पिढीत महाराष्ट्राला दोन असामान्य शिक्षक दिले. प्रारंभीचे शिक्षण आटोपल्यावर दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि पुढे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. विद्यापीठाची पदवी त्यांना कधी मिळाली नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि अखेरची वर्षे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात काढली. बदलीची नोकरी करणाऱ्यास बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे ठाऊक असते. दीक्षितांच्या बिऱ्हाडात भांड्याकुंड्यांपेक्षा पोथ्यांचा भार अधिक असला पाहिजे. संस्कृत सिद्धान्तग्रंथ, जुनी करणे, ताम्रपटांवरील तिथी यांचा अभ्यास त्यांनी शाळेचे काम सांभाळून केला.

विद्यार्थ्यांसाठी व सामान्य वाचकांसाठीही त्यांनी लिहिले. 'सृष्टिचमत्कार' आणि १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' ही पुस्तके त्याची साक्ष देतात. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच त्यांचा स्वभाव दिसतो. आकाश हे केवळ मुहूर्त काढण्याचे साधन नसून, अंगणात बसून दोन घटका पाहण्याजोगी गोष्ट आहे, असे ते मानीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांहून किंचित अधिक. दर वर्षी पडणारी ही अकरा दिवसांची तूट तशीच सोडली तर सण सर्व ऋतूंतून फिरू लागतील. मोहरम तेहतीसएक वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो, तो यामुळेच. आपल्या पूर्वजांनी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून ही तूट भरून काढली. दिवाळी शरदात आणि होळी वसंताच्या तोंडाशी राहावी, हीच त्यांची इच्छा होती.

तथापि एक सूक्ष्म भेद उरला. सूर्याचे वर्ष दोन प्रकारांनी मोजता येते. सूर्य एखाद्या ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी आला म्हणजे एक वर्ष, ही निरयन पद्धती. तो वसंतसंपातापासून, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या बिंदूपासून, निघून पुन्हा तेथे आला म्हणजे एक वर्ष, ही सायन पद्धती. ऋतू ठरतात ते दुसऱ्या वर्षाने. दोहोंत केवळ वीस मिनिटांचा फरक. परंतु बहात्तर वर्षांत तो एक दिवस होतो आणि सुमारे दोन हजार वर्षांत एक महिना. मकरसंक्रांत हे याचे ठळक उदाहरण. उत्तरायणाचा आरंभ म्हणून आपण ती १४ किंवा १५ जानेवारीस पाळतो. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस संक्रांतीचा होता, हे अनेकांस ठाऊक आहे. दीक्षित तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यानंतर आजवर संक्रांत दोन-तीन दिवस पुढे सरकली आहे. ती अशीच सरकत राहिली तर काही सहस्र वर्षांनी तीळ आणि गूळ ऐन उन्हाळ्यात वाटावे लागतील.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात पंचांगशुद्धीची चळवळ सुरू झाली होती. टिळकांचे गुरू प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांशी जुळणारे पटवर्धनी पंचांग सुरू केले. ते सूक्ष्म होते, पण निरयन होते. विसाजी रघुनाथ लेले यांनी याहून मूलगामी मत मांडले : ग्रहगणित शुद्ध करून पुरे होत नाही, वर्षच सायन धरले पाहिजे. जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे त्यांना येऊन मिळाले आणि या मंडळींनी सायन पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

या मताची व्यवहारातील किंमत फार मोठी होती. सायन गणनेने बहुतेक वर्षी महिने रूढ पंचांगापेक्षा एक महिना अगोदर येत. म्हणजे शेजारच्या घरी उद्याच्या नागपंचमीची तयारी चालली असताना सायनमताच्या घरी गणपतीची प्रतिष्ठापना व्हावयाची! सण हा एकट्याने करण्याचा विषय नव्हे. आळी, गाव, आप्तेष्ट यांच्यासह तो करावयाचा असतो. जो मनुष्य शास्त्राने बरोबर परंतु तिथीने एकटा, त्याच्या घरी सण होत नाही, केवळ गणित होते. सायन पंचांगाला मोठा अनुयायीवर्ग लाभला नाही, याचे कारण लोकांचे अज्ञान एवढेच नव्हते, हे आपण न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

दीक्षितांना ही अडचण दिसत नव्हती असे नाही. परंतु त्यांचे म्हणणे असे की, परंपरेचाच आधार घ्यावयाचा तर तीही आपल्याच बाजूची आहे. मधु आणि माधव हे वसंताचे महिने, ही वेदकालची व्यवस्था. वेदांगज्योतिषात उत्तरायण धनिष्ठांपासून सुरू होते. वराहमिहिराच्या काळी ते मकरारंभी आले होते, आणि त्याने हा बदल मान्य करून प्रत्यक्ष निरीक्षणाने खात्री करून घेण्यास सांगितले. पूर्वजांनी आकाश बदलले तसे पंचांग बदलले. तेव्हा आपण ते गोठवून ठेवणे ही पूर्वजांची भक्ती नव्हे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

या वादातून आणि दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसाच्या निमित्ताने त्यांचा महाग्रंथ सिद्ध झाला व १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदकालापासून आपल्या काळापर्यंतच्या ज्योतिषाचा समग्र इतिहास त्यात आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आज त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस उगवतात. तेव्हा त्या नेमक्या पूर्वेस कधी उगवत असतील याचे गणित करून, तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा असल्याचे अनुमान त्यांनी काढले. १८९३ मध्ये टिळकांनी 'ओरायन' ग्रंथात मृगशीर्षावरून असाच विचार मांडला होता. या कालनिर्णयांविषयी विद्वानांत पुढे मतभेद राहिले. परंतु आकाशाच्या घड्याळावरून ग्रंथाचा काळ मोजण्याची ही रीत कोणासही उपेक्षिता आली नाही. या ग्रंथाचा मला सर्वांत भावणारा गुण वेगळाच आहे. ज्यांच्याशी वाद होता, त्या निरयनवाद्यांच्या कार्याचीही त्यात आदराने नोंद आहे. प्रतिपक्षाला इतिहासात त्याची योग्य जागा देणे, हे मोठ्या मनाचे लक्षण होय.

त्यांच्या गणिताचा लाभ शिलालेखांच्या अभ्यासकांनाही झाला. डॉ. फ्लीट यांच्या गुप्त लेखांच्या १८८८ मधील खंडातील कालगणनेस दीक्षितांचे साहाय्य होते. आपणा भिलाईकरांना विशेष वाटावे ते असे की, आपल्या शेजारच्या आरंग, रायपूर आणि राजीम येथील ताम्रपटही त्याच खंडात समाविष्ट आहेत. रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्येच प्रसिद्ध झाला आणि ऐतिहासिक तिथींचा मेळ घालणाऱ्यांचा तो आधार बनला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळीसाव्या वर्षी दीक्षितांचे निधन झाले.

त्यांचा प्रश्न मात्र निधन पावला नाही. १९०४ साली मुंबईस पंचांगसंमेलन भरले व त्यात टिळकांनी प्रमुख भाग घेतला. पण महाराष्ट्राने शुद्ध निरयनाचीच वाट धरली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेले राष्ट्रीय पंचांग सायन वर्षावर आधारलेले आहे. १ चैत्र हा वसंतसंपाताच्या लगतचा दिवस, तर १ पौष हा २२ डिसेंबर, म्हणजे खऱ्या उत्तरायणाचा आरंभ. भारताच्या राजपत्रावर छापला जाणारा शक दिनांक आम्हां सरकारी माणसांच्या नजरेखालून नित्य जातो; त्यामागे मुरूडच्या या शिक्षकाच्या विचाराची सावली आहे, हे आमच्यापैकी किती जणांच्या ध्यानी येत असेल? घरोघरची पंचांगे अर्थात बहुतेक निरयनच राहिली.

हा प्रश्न केवळ आपला नाही. ईस्टरचा सण वसंतापासून ढळू लागला म्हणून १५८२ मध्ये युरोपात पोपच्या आज्ञेने दहा दिवस गाळण्यात आले. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जेराल्ड गार्डनर प्रभृतींनी ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेच्या धर्तीवर विक्का नावाचा पंथ उभा केला. त्याचे अनुयायी वर्षाचे आठ सण पाळतात. त्यांपैकी चार सण दोन अयने व दोन संपात यांवर असतात आणि उरलेले चार त्यांच्या मध्यावर. गंमत अशी की, ऑस्ट्रेलियातील त्यांचे अनेक अनुयायी हिवाळ्याचा सण डिसेंबरात न करता जूनमध्ये करतात, कारण तेथील हिवाळा तेव्हा असतो. तारीख सोडली तरी चालेल, ऋतू सोडता कामा नये, हा त्यांचा निश्चय. दीक्षितांना या मंडळींचा धर्म पटला असता की नाही, हा प्रश्न वेगळा; पण हा हट्ट त्यांना खचित ओळखीचा वाटला असता.

मग आपण काय करावे? संक्रांत डिसेंबरात न्यावी असे मी म्हणणार नाही. ती सर्वांसह साजरी करण्यातच तिची गोडी आहे. मात्र येत्या २२ डिसेंबरला मंडळाच्या अंगणात एक मीटर लांबीची काठी उभी करावी आणि मध्यान्ही मुलांकडून तिची सावली मोजून घ्यावी. भिलाईच्या अक्षांशावर ती जवळजवळ काठीएवढीच, अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव सेंटिमीटर भरेल. हळदीकुंकवाच्या दिवशी पुन्हा मोजावी. ती सुमारे सात सेंटिमीटरने आखूड झालेली दिसेल. सूर्य केव्हाच वळला, आणि आपण त्याचे स्वागत तीन आठवड्यांनी करीत आहोत, हे मुलांना कोणी सांगावे लागणार नाही. त्यानंतर त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवताना शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे नाव सांगावे. त्या आकाशवेड्या शिक्षकाला याहून उचित आदरांजली मला सुचत नाही.